पाणी येतं कुठून, जातं कुठे: नाशिकमधल्या एका प्रेशर वॉशिंग धंद्याची दोन वर्षं

जून २०२३ मध्ये माझ्या भाच्याचं अंबड एमआयडीसीतलं कंत्राट संपलं. वय सत्तावीस, आयटीआयचा इलेक्ट्रिशियन, हातात महिन्याला चौदा हजार पडायचे. पंधरा दिवस तो घरी बसला आणि एका संध्याकाळी माझ्याकडे आला. "मामा, प्रेशर मशीन घेऊन सोसायट्यांची पार्किंग धुवायचा धंदा केला तर?" मी सातपूरच्या कारखान्यात तीस वर्षं मेंटेनन्स फिटर होतो, नुकताच निवृत्त झालो होतो. पंप, सील, व्हॉल्व्ह ह्यातच माझा जन्म गेला. म्हणून मशीनच्या खरेदीपासून जमाखर्चाच्या वहीपर्यंत त्याचं सगळं मी जवळून पाहिलं. ती वही आत्ता समोर आहे आणि तिच्यावरूनच हे लिहितोय. असा धंदा करायचा विचार बरीच मुलं करतात, मला विचारायलाही येतात. त्यांना दर वेळी तोंडी सांगण्यापेक्षा एकदा नीट मांडलेलं बरं.

त्याची कल्पना मला पहिल्या दिवसापासून पटली होती. जूनमध्ये पाऊस लागला की पाथर्डी फाटा, इंदिरानगर, गंगापूर रोड ह्या भागांतल्या इमारतींच्या पार्किंगमध्ये, मागच्या गल्लीत, गच्चीवर शेवाळ धरतं. ऑगस्टपर्यंत चेकर्ड टाइल्सचा मूळ रंग कोणता होता हे सांगता येत नाही. कोणीतरी घसरून पडतं, मग मीटिंग होते. वॉचमन खराटा आणि ब्लीचिंग पावडर घेऊन दोन दिवस घासतो, पंधरा दिवसांत शेवाळ पुन्हा हजर. गणपतीच्या आधी आणि दिवाळीच्या आधी प्रत्येक सोसायटीला आवार स्वच्छ हवं असतं. गिऱ्हाईक होतं, गरज होती, आणि हे काम नीट करणारे हात कमी होते.

मशीन: दुकानदाराचे आकडे आणि सॉकेटचे आकडे

द्वारका चौकाजवळच्या एका दुकानात आम्ही दोघं गेलो. विक्रेत्याने एक चकचकीत मशीन पुढे ओढलं. "२०० बार, मिनिटाला १५ लिटर, घरच्या सॉकेटवर चालतं." मी भाच्याला तिथेच बाजूला घेतलं आणि बिलाच्या कागदामागे हिशोब मांडला. दाब बारमध्ये (बार हे दाब मोजायचं एकक) घ्यायचा, पाणी मिनिटाला किती लिटर ते घ्यायचं, दोघांचा गुणाकार करून ६०० ने भागायचं. उत्तर किलोवॅटमध्ये येतं. २०० गुणिले १५ म्हणजे ३,०००, भागिले ६०० म्हणजे ५ किलोवॅट. घरातलं मोठं सॉकेट १६ अँपिअरचं, व्होल्टेज २३०. त्यातून साडेतीन-पावणेचार किलोवॅटच्या वर काही निघत नाही, आणि त्यातलाही काही भाग मोटर आणि पंप खातात. म्हणजे तो दाब आणि तेवढं पाणी त्या मशीनमधून एकाच वेळी येणं शक्यच नव्हतं.

शेवटी ३ एचपीचं म्हणजे २.२ किलोवॅटचं, सिंगल फेजवर चालणारं, इंडक्शन मोटरचं मशीन घेतलं. तीन प्लंजरचा, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या तीन दांड्यांचा पंप, प्लंजर सिरॅमिकचे, हेड पितळी. दाब १०० बार, पाणी मिनिटाला ११ लिटर. कागदावर ते दुकानातल्या इतर मशीनपेक्षा दुबळं दिसत होतं. पण गाडी धुवायची छोटी मशीन कार्बन ब्रशच्या मोटरवर चालतात, सलग सहा-सात तास चालवली की तापून बसतात. शिवाय त्यांचं पाणी मिनिटाला सहा लिटरच्या आसपास. दाब घाण सुटी करतो, पण ती वाहून न्यायला पाणीच लागतं. धंद्याचं मशीन घेताना लिटर आधी बघावेत आणि बार नंतर, असं माझं ठाम मत आहे.

मशीन ३४,५०० ला पडलं. वीस मीटरचा जादा पाइप, नोझल, ५०० लिटरची टाकी, तीन कोअरची जाड केबल, ३० मिलीअँपिअरचं आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवलेला डबा, गमबूट, गॉगल, हातमोजे, शेवाळ मारायची औषधं, असं सगळं मिळून ५४,२०० लागले. चाळीस हजार मुद्रा योजनेच्या शिशु गटातून घेतले. त्या गटात पन्नास हजारांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं. उरलेले त्याच्या साठवणीतले. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, त्यानं आधार आणि पॅन वापरून ऑनलाइन केली, तिला एक पैसा लागत नाही. जीएसटीचा प्रश्न आला नाही, कारण सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या वर जाईपर्यंत ती नोंदणी सक्तीची नाही.

आरसीसीबीच्या डब्यावर तो इलेक्ट्रिशियन असूनही आधी कुरकुरला. ओल्या फरशीवर, गुडघाभर तुषारात, दुसऱ्याच्या इमारतीच्या जुन्या वायरिंगवर २३० व्होल्टचं मशीन चालवायचं असतं. त्या सॉकेटला अर्थिंग आहे की नाही हे कोणालाच माहीत नसतं. ह्या बाबतीत मी त्याचं काही ऐकून घेतलं नाही.

तीनशे रुपये

पहिलं काम इंदिरानगरात मिळालं. ४,००० चौरस फूट पार्किंग. दर कसा लावायचा हे दोघांनाही कळत नव्हतं. त्यानं वॉचमनच्या मजुरीशी तुलना करून दीड रुपया फूट सांगितला, एकूण ६,०००. दोन दिवसांत होईल असा अंदाज होता, लागले साडेतीन. पिवळं नोझल, म्हणजे पंधरा अंशांचं, लावून तो गन हलवत गेला. ओली फरशी छान दिसली. दुसऱ्या दिवशी वाळल्यावर बघतो तर सगळीकडे पट्टे, वाघाच्या कातडीसारखे. जिथून फवारा नीट गेला ती रेघ पांढरी, शेजारची काळी. अर्धं काम पुन्हा करावं लागलं.

मदतनिसाला रोजचे ६०० प्रमाणे २,१००. छोट्या हत्तीचं, म्हणजे छोट्या टेम्पोचं भाडं रोजचं ९००, चार दिवसांचे ३,६००. वहीच्या त्या पानावर त्याच्या अक्षरात लिहिलंय, "शिल्लक ३००". औषधाचा खर्च त्यात धरलेलाच नाही.

त्या रात्री तो फार खचला होता. मी त्याला सांगितलं की कारखान्यात नवीन जॉबचा पहिला सेटअप कधीच फायद्यात नसतो. पण ते पट्टे घालवायचा उपाय पैशांचाच होता. ७,८०० ची गोल फिरणारी तबकडी आणली. घुमटाच्या आत दोन नोझलची दांडी गरगर फिरते आणि जमिनीपासून ठरावीक उंचीवर सारखा फवारा मारते. त्याच्याबरोबर पद्धतही बदलली. आधी पातळ केलेलं सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीचचं द्रावण मारायचं, पंधरा मिनिटं थांबायचं, शेवाळ मरू द्यायचं, मग धुवायचं. मेलेलं शेवाळ निम्म्या जोरात निघतं आणि टाइल्सच्या सांध्यांतला सिमेंट उखडत नाही. आता त्याचं मशीन तासाला ४०० फुटांच्या आसपास करतं. ४,००० फुटांचं काम दोन दिवसांत होतं आणि दर तीन रुपये लावला तर मजुरी, गाडी, औषध जाऊन आठ हजारांच्या पुढे उरतात.

नळाचं पाणी

ह्या धंद्यात मशीन बिघडतं ते बहुतेक वेळा पाण्याच्या आत येणाऱ्या बाजूने. पहिल्या महिन्यात भाचा सोसायटीच्या बागेच्या नळाला अर्ध्या इंची लांबलचक पाइप लावून मशीन चालवायचा. मी एकदा सहज बघायला गेलो. लांबूनच आवाज ऐकला आणि ओळखलं, पंपाला पाणी पुरत नव्हतं. खडखड आवाज, दाबाच्या काट्याची थरथर, गनमध्ये हाताला जाणवणारे धक्के. मिनिटाला ११ लिटर हवेत आणि नळ सातच देतोय, तर उरलेल्या जागेत पोकळी होते आणि ती फुटताना पंपाचं सील आणि व्हॉल्व्ह खाते. त्या महिन्यात सीलचा एक संच गेला होता आणि तो दुकानदाराला दोष देत होता.

तेव्हापासून नळाचं पाणी टाकीत, टाकी गाडीच्या हौद्यात मशीनपेक्षा उंचावर, तिथून एक इंची आखूड पाइप, मध्ये जाळीचा फिल्टर. ५०० लिटर पंचेचाळीस मिनिटं पुरतात, तेवढ्यात नळ मागून भरत राहतो. दुसरा नियम म्हणजे गनचा खटका सोडून गप्पा मारत उभं राहायचं नाही. खटका सोडला की तेच पाणी पंपात गोल फिरत राहतं, तापतं आणि सील मऊ पडतं. दोन-तीन मिनिटांच्या वर थांबायचं असेल तर मशीन बंद.

४,००० फुटांना पाचेक हजार लिटर पाणी जातं, म्हणजे एक टँकर. मे महिन्यात सोसायटी स्वतःच टँकर मागवत असेल तर तो काम घेतच नाही, पावसाळ्यानंतरची तारीख देतो. माझ्या मते हे बरोबर आहे. प्यायला पाणी विकत घेणाऱ्यांच्या दारात फरशी धुवायला पाणी उधळू नये.

लिफ्टचा पिट

ऑगस्टमध्ये पाथर्डी फाट्याजवळच्या एका चार मजली इमारतीत काम होतं, ९,६०० चं. सकाळपासून सगळं सुरळीत चाललं होतं. पार्किंगचा उतार गेटकडे होता, पाणी गेटजवळच्या चेंबरमध्ये जात होतं. दुपारी तबकडी जिन्याच्या बाजूला आली. तिथे लिफ्टसमोरच्या टाइल्स नंतर कधीतरी उखडून नव्या बसवल्या होत्या आणि बसवणाऱ्याने उतार उलटा दिला होता. बोटभर जाडीचा पाण्याचा ओघ भिंतीच्या कडेने गेला आणि लिफ्टच्या दाराच्या फटीतून खाली उतरला. मशीनच्या आवाजात कोणाला काही ऐकू आलं नाही. वॉचमन ओरडत आला तेव्हा लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर बंद पडली होती.

लिफ्टचा पिट म्हणजे लिफ्टच्या खालचा खोल खड्डा. त्यात सुरक्षेचा स्विच असतो, वायरिंग असतं. स्विच भिजला की लिफ्ट थांबते आणि ते योग्यच आहे. पण खाली, जिन्याजवळ, भाजीची पिशवी घेऊन एक आजी उभ्या होत्या. राहायला तिसऱ्या मजल्यावर, दोन्ही गुडघे दुखरे. त्या रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "बाळा, आता मी वर कशी जाऊ रे?" भाचा मला हे सांगताना आजही खाली बघतो. त्यानं आणि मदतनिसानं वॉचमनच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत त्यांना बसवलं आणि दोघांनी उचलून तिसऱ्या मजल्यावर नेलं, प्रत्येक जिन्याच्या वळणावर टेकत. भाजी पुन्हा खाली येऊन नेली.

लिफ्टचा मेकॅनिक संध्याकाळी आला. भाचा त्याच्याबरोबर पिटमध्ये उतरला, टमरेलाने पाणी बादलीत भरून बाहेर काढलं, जुन्या चादरींनी कोपरे पुसले, रात्री साडेनऊपर्यंत टेबलफॅन लावून बसला. स्विच बदलावा लागला. बिल ८,५०० झालं. त्यानं ते दोन हप्त्यांत भरलं, सोसायटीने न मागता. त्या सोसायटीने त्याला पुन्हा बोलावलं नाही आणि मला त्यांचा राग नाही. त्यांच्या जागी मीही असाच वागलो असतो.

त्या मेकॅनिकच्या हातात मात्र चाळीसेक इमारतींच्या लिफ्ट होत्या. महिन्याभराने त्याचा फोन आला, "एक पार्किंग आहे, येतोस का? पिट सांभाळशील तू, मला माहितीये." पुढच्या वर्षभरातली जवळपास एक तृतीयांश कामं त्याच्या ओळखीतून आली. पत्रकं वाटण्यात दोन हजार घातले होते, त्यातून दोन कामं मिळाली होती.

आता कोटेशन द्यायच्या आधी भाचा एक बादली पाणी मागतो. लिफ्टसमोर एक तांब्या, जिन्याखाली एक, मीटर रूमच्या दारात एक, गेटजवळ एक, असं ओततो आणि पाणी कुठे जातं ते बघत उभा राहतो. काही ठिकाणी चेअरमन काकाच चकित होतात, कारण वीस वर्षं राहून त्यांनाही तो उतार माहीत नसतो. मोबाइलवर फोटो काढून ठेवतो. कामाच्या दिवशी लिफ्ट सगळ्यात वरच्या मजल्यावर नेऊन बंद करायची, दारासमोर ओल्या गोणपाटाच्या वळकट्या लावायच्या, मीटरची पेटी प्लॅस्टिकने झाकायची, मगच मशीन सुरू.

बाहेर जाणाऱ्या पाण्याचाही हिशोब असतो. पहिल्या काही कामांत शेवाळ आणि माती चेंबरमध्ये गेली आणि चेंबर तुंबला. आता चेंबरच्या तोंडावर जाळी आणि जुनी साडी अंथरतो, गाळ गोणीत भरून बाजूला काढतो. त्या भागातलं पावसाळी गटाराचं पाणी नाल्यात जातं, नाल्यातून छोट्या नदीत आणि तिथून गोदावरीत. ह्या गावात राहून आपण गोदावरीला रोज नमस्कार करतो, तर तिच्यात औषध किती सोडायचं हे मोजून वापरलं पाहिजे. म्हणून हायपोक्लोराइट शेवाळापुरतंच, आणि कुंड्या, तुळस, बागेची कड आधी साध्या पाण्याने भिजवून मग झाकायची.

नाही म्हणायची कामं

दोन वर्षांत त्यानं काही कामं नाकारली. पैशांची चणचण असतानाही नाकारली, ह्याचा मला अभिमान वाटतो.

सातपूरच्या एका जुन्या शेडचे सिमेंटचे पत्रे धुवायचे होते, रक्कम चांगली होती. जुन्या सिमेंट पत्र्यांत अॅस्बेस्टॉस असतो. त्यावर दाबाचं पाणी मारलं की त्याचे बारीक तंतू सुटतात, आजूबाजूला पसरतात, वाळले की श्वासातून फुप्फुसात जातात आणि वर्षानुवर्षांनी कॅन्सर होऊ शकतो. शिवाय पत्रा पायाखाली फुटला तर माणूस थेट खाली. हे काम कोणीही, कितीही पैशांना करू नये.

पंचवटीतल्या एका जुन्या वाड्याची काळ्या दगडाची भिंत होती. आपल्याकडचा काळा पाषाण टणक, त्याला १०० बारने काही होत नाही. पण सांधे चुन्याचे होते. चुना नखाने खरवडला तरी भुगा पडत होता. मालकांना त्यानं सांगितलं, "नाना, मऊ ब्रश आणि साधं पाणी, एवढंच करा. मशीन लावलं तर दगड राहील आणि भिंत जाईल."

अॅसिड हा तिसरा प्रकार. प्रत्येक इमारतीत कोणीतरी "थोडं अॅसिड टाका, चकाचक होईल" म्हणतंच. शहाबादी आणि कोटा हे चुनखडीचे दगड. अॅसिड पडलं की दगडच फेसाळून विरघळतो, चकाकी कायमची जाते. आणि हायपोक्लोराइट मारलेल्या जागी अॅसिड पडलं तर क्लोरिन वायू सुटतो. बंदिस्त पार्किंगमध्ये तो जीवघेणा ठरू शकतो. त्याच्या गाडीत अॅसिडची बाटली चढतच नाही.

मदतनीस मुलगा सुरुवातीला चपलेवर काम करायचा, गमबुटात घाम येतो म्हणून. एकदा पायावरची माती धुवायला त्यानं गन पायाकडे वळवली. भाच्याने झडप घालून मशीन बंद केलं. १०० बारचं पाणी कातडी भेदून आत शिरतं. बाहेरून टाचणीएवढी जखम दिसते, रक्तही फारसं येत नाही, पण आत पाणी आणि घाण मांसात पसरलेली असते. अशी जखम झाली तर पट्टी बांधून घरी न जाता त्याच तासाला हॉस्पिटल गाठायचं आणि डॉक्टरांना "प्रेशर मशीनचं पाणी आत गेलंय" असं स्पष्ट सांगायचं, कारण त्याला शस्त्रक्रिया लागू शकते. हे मी कारखान्यात हायड्रॉलिक तेलाच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिलंय.

वही

पहिल्या वर्षी, जून २०२३ ते मे २०२४, ७८ दिवस काम झालं. जमा ३,२८,५००. गाडीचं भाडं ७०,२००, मदतनीस ४६,८००, औषधं, टँकर, सील आणि पाइपची दुरुस्ती, तबकडी, लिफ्टचं बिल, पत्रकं, सगळं धरून खर्च १,७६,८००. कर्जाचा हप्ता महिन्याला १,३३०. सगळं जाऊन महिन्याला सरासरी सव्वाअकरा हजार हातात आले. कारखान्यातल्या पगारापेक्षा कमी. धंदा सुरू करू इच्छिणाऱ्यांनी हा आकडा नीट बघावा. ७८ दिवसांतले साठेक दिवस जुलै ते दिवाळी ह्या काळातले होते. डिसेंबर ते मार्च जवळपास रिकामे गेले आणि त्या महिन्यांत त्यानं वायरिंगची कामं करून घर चालवलं. हातात दुसरं कसब नसतं तर त्या पहिल्या हिवाळ्यातच मशीन विकावं लागलं असतं.

दुसऱ्या वर्षी दोन गोष्टी बदलल्या. नऊ सोसायट्यांशी वर्षाचा करार झाला, पावसाळ्यात दोनदा आणि दिवाळीआधी एकदा. त्या चेकने पैसे देतात, रक्कम मोठी झाली की एक टक्का टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर कापतात, तो विवरणपत्र भरून परत मिळतो. दुसरं म्हणजे रिकाम्या महिन्यांसाठी गच्चीवरचे सोलर पॅनेल. तिथे प्रेशर मशीन चालत नाही. जोराच्या फवाऱ्याने कडेचं सील जातं आणि आतल्या सेलना डोळ्यांना न दिसणारे तडे जाऊ शकतात. मऊ ब्रश, कमी जोराचं पाणी, आणि तेही सकाळी काच गार असताना. बोअरचं जड पाणी वाळलं की काचेवर क्षारांचे पांढरे डाग राहतात, म्हणून पॅनेलला नळाचं पाणी. उन्हाळ्याच्या धुळीत ही कामं भरपूर निघतात. द्राक्षांच्या हंगामाआधी दिंडोरी आणि पिंपळगावकडे पॅकहाऊसच्या, म्हणजे द्राक्षं पेट्यांत भरायच्या शेडची धुलाईही मिळाली. तिथल्या शेतकऱ्यांना फवारणीच्या जास्त दाबाच्या पंपामुळे ह्या मशीनची जात आधीच ओळखीची, त्यामुळे दरावर घासाघीस होते पण कामाची किंमत कळते.

त्या वर्षी ११२ दिवस भरले, जमा ५,६१,०००, खर्च २,४८,०००. हप्ता जाऊन महिन्याला पावणेपंचवीस हजार.

आता २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे आणि त्याच्या ओळखीचे लोक त्याला मोठं डिझेल मशीन घ्यायला सांगतात. मी त्याच्या विरोधात आहे. आहे ते मशीन वर्षातले अडीचशे दिवस उभं असतं. त्याला खरा जाच गाडीभाड्याचा आहे. ११२ दिवसांचे ९०० प्रमाणे लाखभर रुपये भाड्यात गेले. सेकंडहँड छोटा हत्ती १,६०,००० ला सांगतात. डिझेल, विमा, देखभाल धरून दिवसाला साडेतीनशे खर्च झाला तरी साडेपाचशे वाचतात, वर्षाचे साठेक हजार. पावणेतीन वर्षांत गाडी फिटते, आणि टाकी, पाइप, मशीन कायम हौद्यात बसवून ठेवता येतं, सकाळचा चढवण्या-उतरवण्याचा पाऊण तास वाचतो. त्याला अजून पूर्ण पटलेलं नाही. रविवारी आडगावला एक गाडी बघायला जायचं ठरलंय, मेकॅनिक बरोबर घेऊन.